फर्मवेअर अपडेटनंतर संगणक सुरू न होणे

मदरबोर्डवरील चिपमध्ये साठवलेली मूळ आज्ञावली, म्हणजेच फर्मवेअर, बदलल्यानंतर संगणक विंडोज किंवा लिनक्सपर्यंत न पोहोचणे, अशा दोषाला दुरुस्तीच्या दुकानांत सरसकट ‘बायोस गेला’ असे म्हटले जाते (बायोस म्हणजे हेच फर्मवेअर). या एका शब्दप्रयोगाखाली दोन अगदी निराळे दोष येतात. एकात फर्मवेअरच अर्धवट लिहिले गेल्यामुळे चालत नाही. दुसऱ्यात ते उत्तम चालते, परंतु पूर्वीची मांडणी विसरल्यामुळे त्याला डिस्कवरची कार्यप्रणाली सापडत नाही. बहुतेक वेळा आढळतो तो दुसराच प्रकार. त्यावर पहिल्या प्रकारचा उपाय करायला गेल्यास धडधाकट यंत्र खरोखरच निकामी होण्याची भीती असते, म्हणून निदानाची सुरुवात या दोहोंमधला फरक ओळखण्यापासूनच करावी लागते.

बायोस ही संज्ञा गॅरी किल्डॉल यांनी १९७० च्या दशकात सीपी/एम या कार्यप्रणालीसाठी योजली. १९८१ च्या आयबीएम पीसीत बायोस रॉममध्ये, म्हणजे केवळ वाचता येणाऱ्या चिपमध्ये, कायमचा कोरलेला असे. तो बदलायचा तर चिपच उपटून नवी बसवावी लागे आणि त्यामुळे अपडेट बिघडण्याचा प्रश्नच उद्भवत नसे. १९९० च्या दशकात मदरबोर्डवर फ्लॅश चिप आली, तिच्यातील मजकूर जागच्या जागी पुसून नवा लिहिता येऊ लागला, आणि या सोयीच्या पाठोपाठ धोकाही आला. तो किती खरा आहे हे २६ एप्रिल १९९९ रोजी सीआयएच ऊर्फ चेर्नोबिल या विषाणूने दाखवून दिले: डिस्कवरील माहिती नष्ट करण्याबरोबरच त्याने अनेक संगणकांच्या बायोस चिपमध्येही कचरा लिहिला आणि ती यंत्रे सुरू होईनाशी झाली. २००५ मध्ये स्थापन झालेल्या यूईएफआय फोरम या संगणक कंपन्यांच्या संघटनेने आखून दिलेल्या पद्धतीचे फर्मवेअर आज बहुतेक पीसींमध्ये असते, तरी बोलण्यात ‘बायोस’ हाच शब्द टिकला आहे.

ही चिप नखाएवढी, बहुधा आठ पायांची आणि साधारण १६ किंवा ३२ मेगाबाइट क्षमतेची असते. फ्लॅशमधील मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. आधी त्या भागातील सर्व बिट १ करून तो पुसावा लागतो आणि मग जिथे हवे तिथे ० उमटवावे लागतात. हे पुसणे किमान ४ किलोबाइटच्या तुकड्याने होते. पाटी पुसून झाली आहे आणि नवी अक्षरे अर्धीच उमटली आहेत, नेमक्या त्या क्षणी वीज गेली तर चिपमध्ये जुनी आवृत्तीही उरत नाही आणि नवीही पुरी नसते. इंटेलच्या पीसींमध्ये संगणक चालू होताच प्रोसेसर पहिली आज्ञा स्मृतीपत्त्यांच्या ४ गिगाबाइटच्या सीमेच्या १६ बाइट अलीकडून उचलतो आणि चिपचे शेवटचे टोक तेथे जोडलेले असते. तेवढा भाग शाबूत असेल तर काही संगणक स्वतःला सावरू शकतात. म्हणूनच निर्माते आरंभीच्या आज्ञांचा हा भाग शक्यतो अपडेटपासून वेगळा राखतात.

अपडेट न करणे हा मात्र त्यावरचा उपाय नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये उघड झालेल्या स्पेक्टर व मेल्टडाउन या प्रोसेसरमधील त्रुटींनंतर, किंवा इंटेलच्या १३ व्या व १४ व्या पिढीच्या काही डेस्कटॉप प्रोसेसरना जादा व्होल्टेजमुळे इजा होत असल्याचे २०२४ मध्ये स्पष्ट झाल्यावर, काही सुधारणा फर्मवेअरमार्गे पोहोचवाव्या लागल्या. उलट, वापरणाऱ्याने अपडेटचे बटण दाबलेले नसतानाही फर्मवेअर बिघडू शकते: डिसेंबर २०१७ मध्ये उबुंटू या लिनक्स प्रणालीच्या १७.१० आवृत्तीच्या कर्नेलमधील, म्हणजे गाभ्यातील, एका ड्रायव्हरमुळे लेनोवोसह काही कंपन्यांच्या लॅपटॉपांच्या बायोसमध्ये केलेले बदल जतन होईनासे झाले, आणि ती आवृत्ती डाउनलोडसाठी देणे काही काळ थांबवावे लागले.

अपडेटनंतर पडदा काळा राहिला, तर पहिली कृती म्हणजे काहीही न करणे. हे वाचायला विचित्र वाटले तरी त्यामागे ठोस कारण आहे. नव्या फर्मवेअरला रॅमच्या प्रत्येक तारेवरील संकेतांचा मेळ नव्याने बसवावा लागतो. या कामाला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. डीडीआर५ रॅम असलेल्या यंत्रांत, विशेषतः मोठ्या क्षमतेच्या चार पट्ट्या बसवलेल्या असतील तर, ते कित्येक मिनिटे चालते. तेवढा वेळ पंखे फिरत राहतात, मॉनिटर ‘नो सिग्नल’ म्हणतो आणि मदरबोर्डच्या कडेला डीरॅम असे लिहिलेल्या जागी एक पिवळा किंवा नारिंगी दिवा जळत असतो. मधूनच यंत्र स्वतःहून बंद पडून पुन्हा चालूही होते. बिघाडाची सगळी लक्षणे हीच, आणि घाबरून वीज तोडावी असे कुणालाही वाटेल. पण चिपमध्ये लिहिण्याचे काम बाकी असेल तर तीच कृती यंत्राला नडते. अर्धा तास थांबून पाहण्याने नुकसान काहीच होत नाही.

तेवढ्याने काही बदलले नाही तर मग लक्षणे नीट पाहावीत. निर्मात्याचे चिन्ह दिसते का, सेटिंगच्या पानात शिरता येते का, कीबोर्डवरची कॅप्स लॉकची कळ दाबल्यावर तिचा दिवा लागतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे पुष्कळ काही सांगतात. अनेक मदरबोर्डांवर सीपीयू (प्रोसेसर), डीरॅम (रॅम), व्हीजीए (ग्राफिक्स) आणि बूट (कार्यप्रणाली सुरू करणे) अशी नावे असलेले चार दिवे असतात आणि ज्या टप्प्यावर गाडी अडली तो दिवा जळत राहतो. बूटचा दिवा जळणे ही त्यातल्या त्यात चांगली बातमी म्हणायची, कारण तिथवर पोहोचलेले फर्मवेअर जिवंत असते.

अशा वेळी दोष बहुधा सेटिंगचा असतो. अपडेट होताना जुनी सेटिंग पुसली जाऊन कारखान्यातली मूळ मूल्ये परत येतात, आणि त्यांतील दोन-तीनच खरी अडचण करतात. डिस्क जोडण्याची पद्धत आधी रेड किंवा व्हीएमडी होती आणि आता एएचसीआय झाली, किंवा त्याच्या उलट, तर विंडोज सुरू होता होता निळ्या पडद्यावर ‘इनॅक्सेसिबल बूट डिव्हाइस’ असे लिहून थांबते. पद्धत पूर्ववत केली की तोच संगणक काहीच न घडल्यासारखा चालू लागतो. जुन्या एमबीआर मांडणीच्या डिस्कवर विंडोज असेल आणि जुन्या पद्धतीने बूट करण्याची सीएसएम ही सोय बंद झाली असेल, तर फर्मवेअरला डिस्क दिसते पण बूट करण्याजोगे काही सापडत नाही. कार्यप्रणाली कोणत्या फाइलपासून सुरू करायची याची नोंदही चिपमधल्याच स्मृतीत असते. ती पुसली गेली की ‘नो बूटेबल डिव्हाइस’ असा संदेश येतो आणि डिस्कवर सारी माहिती सुखरूप असूनही ती गेली असे वाटते. येथे विंडोजच्या पेनड्राइव्हवरून बीसीडीबूट ही आज्ञा किंवा लिनक्समध्ये ईएफआयबूटएमजीआर हे साधन वापरून नोंद पुन्हा करता येते. डिस्क फॉरमॅट करून नवे विंडोज टाकून देणे हा दुकानांतला आवडता उपाय, पण या दोषासाठी तो अनावश्यक आणि ग्राहकाच्या फोटोंसाठी घातक आहे.

फर्मवेअर बदलले की टीपीएम या सुरक्षा घटकाला यंत्र अनोळखी वाटू शकते आणि बिटलॉकर ही विंडोजमधील डिस्क कूटबद्ध करणारी सोय ४८ अंकी रिकव्हरी की मागते. आपली डिस्क कूटबद्ध आहे हेच पुष्कळांना त्या निळ्या पानावर प्रथम कळते, कारण अनेक नव्या लॅपटॉपांवर मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच कूटलेखन आपोआप सुरू होते. ही रिकव्हरी की बहुधा त्याच खात्यात जतन झालेली असते व ती फोनवरूनही पाहता येते. एएमडीच्या काही मदरबोर्डांवर तर प्रोसेसरला हातही लावलेला नसताना ‘न्यू सीपीयू इन्स्टॉल्ड’ असे सांगून एफटीपीएम (फर्मवेअरमधून चालणारे टीपीएम) पुसण्यासाठी वाय किंवा न पुसण्यासाठी एन दाबण्यास सांगितले जाते. रिकव्हरी की हाती नसताना तेथे वाय दाबू नये. टीपीएममध्ये राखलेले गुपित गेले आणि कीही सापडली नाही, तर डिस्कवरील माहिती कुणालाच परत मिळवता येत नाही. अपडेटपूर्वी बिटलॉकर तात्पुरते स्थगित केल्यास हा प्रसंग टळतो.

पडद्यावर काहीच येत नसेल आणि वाट पाहूनही फरक पडला नसेल, तर वीज काढून सीआर२०३२ हा नाण्याच्या आकाराचा सेल काही मिनिटे बाजूला ठेवावा किंवा मदरबोर्डवरील सेटिंग पुसण्यासाठीच्या क्लिअर सीमॉस या दोन पिना क्षणभर जोडाव्यात. अलीकडच्या यंत्रांत बरीच सेटिंग सेलवर न जगता फ्लॅश चिपमध्येच असल्याने निव्वळ सेल काढण्याने सर्व काही पुसले जाईलच असे नाही. प्रोसेसर जुना असेल तर नव्या आवृत्तीत त्याचा आधार काढलेला नाही ना, हेही निर्मात्याच्या यादीत पाहावे लागते. चिपमधील जागा अपुरी पडल्याने एएमडी प्रोसेसरसाठीच्या एएम४ सॉकेटच्या काही मदरबोर्डांवर नव्या प्रोसेसरांसाठी जुन्यांना जागा सोडावी लागली आहे.

खरोखर मृत फर्मवेअरसाठी निर्मात्यांनी ठेवलेली वाट आधी शोधावी. असूस, एमएसआय, गिगाबाइट यांच्या अनेक मदरबोर्डांच्या पाठीमागे यूएसबीची एक विशिष्ट खाच आणि तिच्यासाठी बटण असते. एफएटी३२ पद्धतीने तयार केलेल्या पेनड्राइव्हवर ठरवून दिलेल्या नावाची फाइल ठेवून ते दाबले, की प्रोसेसर व रॅम नसतानाही चिप पुन्हा लिहिली जाते. हे काम सहसा फाइलच्या नावावर अडते: निर्मात्याच्या संकेतस्थळावरून उतरवलेले लांबलचक नाव तसेच ठेवल्यास दिवा काही वेळा लुकलुकून विझतो आणि पुढे काहीच होत नाही. गिगाबाइटच्या काही बोर्डांवर दुसरी राखीव चिपच असते. एचपीच्या अनेक लॅपटॉपांत विंडोज व बी या कळा धरून पॉवर बटण दाबल्यास, तर डेलच्या अनेक लॅपटॉपांत कंट्रोल व एस्केप धरून चार्जर जोडल्यास पुनर्प्राप्तीचे पान येते. अ‍ॅपल सिलिकॉन (कंपनीचा स्वतःचा प्रोसेसर) किंवा टी२ ही सुरक्षा चिप असलेल्या मॅक संगणकाला दुसऱ्या मॅकची मदत लागते. त्यातील ‘रिव्हाइव्ह’ हा पर्याय माहिती राखतो आणि ‘रिस्टोअर’ ती पुसतो.

यांपैकी काहीच जमले नाही तर चिप बाहेरून लिहावी लागते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडसारख्या बाजारपेठांतील कारागीर हे काम करतात. बॅटरी व वीज पूर्ण काढून चिपवर आठ दातांचा चिमटा बसवला जातो आणि त्याची तार सीएच३४१ए सारख्या छोट्या प्रोग्रॅमरला जोडली जाते. चिप ३.३ व्होल्टची की १.८ व्होल्टची हे तिच्या अंगावरील क्रमांकावरून आधी पाहावे लागते, कारण १.८ व्होल्टच्या चिपला जादा दाब सोसत नाही. चांगला कारागीर लिहिण्याआधी आहे तो मजकूर दोनदा वाचून दोन्ही प्रती तंतोतंत जुळतात का ते तपासतो. चिमटा केसभर सरकला तरी त्या जुळत नाहीत. तो बिघडलेला मजकूर जपून ठेवण्याला आणखी एक कारण आहे. नेटवर्कवर यंत्राची ओळख पटवणारा मॅक पत्ता, लॅपटॉपचा अनुक्रमांक आणि विंडोजची परवाना की यांतील बरेच काही बहुधा त्याच चिपच्या निरनिराळ्या भागांत असते. दुसऱ्याच लॅपटॉपची फाइल जशीच्या तशी उतरवली तर पडदा उजळतो, पण अनुक्रमांक भलत्याच यंत्राचा दिसू लागतो आणि विंडोजची की जुळेनाशी होते. म्हणून निर्मात्याच्या फाइलमधून केवळ फर्मवेअरचा भाग घेऊन तो जुन्या मजकुरात बसवतात, एकत्र केलेली फाइल चिपमध्ये लिहितात आणि पुन्हा वाचून पडताळतात.