शेवटचा अंक का हलतो?

सोर्समधून कम्पाइल केलेली गणिती लायब्ररी पॉवर, एआरएम किंवा रिस्क-फाइव्ह या, नेहमीच्या पीसीपेक्षा वेगळ्या प्रोसेसरांच्या मशिनवर बिनतक्रार बिल्ड होते. टेस्ट चालवल्या की मात्र काही मोजक्या नापास होतात. बहुतेक ठिकाणी उत्तर पंधराव्या-सोळाव्या अंकाला वेगळं येतं, आणि एखाद्या ठिकाणी थेट 'नॅन', म्हणजे 'ही संख्याच नाही' असा शेरा. पहिला संशय कम्पायलरवर जातो. पण बऱ्याचदा कोडनेच एक विशिष्ट मशिन गृहीत धरलेलं असतं.

ही सवय तशी अलीकडची. पूर्वी प्रत्येक मशिनचं गणित निराळं, हे सगळ्यांना पाठ होतं. १९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएम सिस्टिम/३६० चं फ्लोटिंग पॉइंट (दशांश-अपूर्णांकांचं गणित) १६ च्या पायावर चालायचं, त्यामुळे ३२ बिटांच्या संख्येची अचूकता २१ ते २४ बिटांमध्ये हेलकावे खायची. सीडीसी ६६०० चा वर्ड ६० बिटांचा. क्रे कंपनीची जुनी मशिन वजाबाकीत गार्ड डिजिट, म्हणजे हिशेबापुरता एक जादा अंक, ठेवत नसत, म्हणून जवळजवळ सारख्या दोन संख्या वजा केल्या की उत्तराचा भरवसा नसे.

बेल लॅब्जच्या पोर्ट लायब्ररीत यावर साधा उपाय होता. डी-वन-मॅक नावाच्या छोट्या फंक्शनमध्ये एकेका मशिनचे स्थिरांक (सर्वांत लहान-मोठी संख्या, अचूकता) लिहून सगळे ओळीपुढे 'सी' लावून कॉमेंट, म्हणजे कम्पायलर वगळेल असे, करून ठेवलेले असत. आपल्या मशिनच्या ओळींपुढचा 'सी' खोडायचा आणि मग कम्पाइल करायचं. १९९२ च्या लॅपॅक या मॅट्रिक्स-गणिताच्या लायब्ररीत हेच काम डी-लॅम्च करायचं, तेही मशिनला चाचपून: संख्या लहान करत जायची, एकात मिळवायची, बेरीज एकच राहिली की थांबायचं. कोड वेगवान करणाऱ्या, कम्पायलरमधल्या ऑप्टिमायझरला हा खटाटोप कळायचा नाही. तो मधली किंमत प्रोसेसरच्या आतल्या रजिस्टरमध्येच ठेवायचा आणि लूप कधी संपायचाच नाही. म्हणून ही फाइल ऑप्टिमायझेशनशिवाय कम्पाइल करा, अशी खास ओळ मेकफाइलमध्ये (बिल्डच्या सूचनांच्या फाइलमध्ये) असे. ती ओळ न बघता फ्लॅग बदलणाऱ्यांनी अडकलेल्या टेस्टसमोर किती वेळ घालवला असेल!

विल्यम कहान यांच्या पुढाकाराने १९८५ मध्ये आय-ट्रिपल-ई ७५४ हे फ्लोटिंग पॉइंटचं मानक आलं आणि हा गोंधळ बराच आवरला. पूर्ण नाही. पीसीतल्या एक्स-८६ प्रोसेसरच्या जोडीला येणाऱ्या, १९८० च्या इंटेल ८०८७ या गणिती चिपची रजिस्टर ८० बिटांची होती. रजिस्टरमधली किंमत आणि तीच मेमरीत ६४ बिटांत ठेवून परत आणलेली किंमत, यांची तुलना 'असमान' निघायची. जीसीसी या कम्पायलरचा बग क्रमांक ३२३ याच तक्रारीचा. त्यावर वर्षानुवर्षं वाद झाले. पुढे ६४ बिटी एक्स-८६ वर एसएसई-२ हा, ठरलेल्या बिटांतच गणित करणारा सूचनासंच नेहमीचा झाला आणि हा त्रास विसरला गेला. त्याच सुमारास सगळ्यांच्या टेबलांवरची मशिनंही एकसारखी, एक्स-८६ ची, झाली. माझ्या मते खरी अडचण इथे सुरू झाली: टेस्टमधली 'बरोबर' उत्तरं त्याच एका प्रकारच्या मशिनवर काढली जाऊ लागली.

आयबीएमच्या आरएस/६००० ने १९९० मध्ये गुणाकार आणि बेरीज एकाच राउंडिंगमध्ये करणारी सूचना आणली, एफएमए. ती अधिक अचूक, पण खोडकर. तीन अंकी गणित घ्या आणि १.२४ च्या वर्गातून १.२४ चाच वर्ग वजा करा. एक वर्ग राउंड होऊन १.५४ झाला, दुसरा एफएमएत अखंड १.५३७६ राहिला. उत्तर शून्याऐवजी उणे ०.००२४. पुढच्या ओळीत वर्गमूळ असेल तर 'नॅन' तयार. मूळ एक्स-८६-६४ मध्ये ही सूचना नाही. ६४ बिटी एआरएम आणि पॉवरवर ती आहे, आणि जीसीसी ऑप्टिमायझेशनसोबत ती न विचारता वापरतो.

'नॅन'चं पूर्णांकात रूपांतर केलं तरी असंच. ३२ बिटांत एक्स-८६ सर्वांत लहान ऋण संख्या देतो, एआरएम शून्य, तर रिस्क-फाइव्ह सर्वांत मोठी धन संख्या. सी भाषेत हे वर्तन ठरवलेलंच नाही, त्यामुळे तिघांपैकी कुणालाही चूक म्हणता येत नाही.

म्हणून नापास टेस्ट दिसली की मी आधी एफपी-कॉन्ट्रॅक्ट (एफएमए आपोआप वापरू देणारा कम्पायलरचा पर्याय) बंद करून पुन्हा बिल्ड करतो. बऱ्याचशा तिथेच पास होतात. तरीही अडलेल्या टेस्टमध्ये 'लाँग डबल' शोधतो; हा सी भाषेतल्या ६४ बिटी 'डबल' संख्येचा मोठा भाऊ. एक्स-८६ लिनक्सवर त्यात ८० बिटांची संख्या, ६४ बिटी एआरएम लिनक्सवर १२८ बिटांची आणि पॉवरवर वर्षानुवर्षं दोन डबल एकमेकांना जोडून केलेली जोडगोळी असते.