ई-कचऱ्याची सुरुवात बॅटरीच्या आत होते

मोबाइलची बॅटरी पूर्ण उतरल्याशिवाय तो चार्जिंगला लावू नये, हा सल्ला अजूनही घरोघरी दिला जातो आणि शिकलेली माणसेही तो निष्ठेने पाळतात. निकेल-कॅडमियम बॅटऱ्यांच्या काळात त्यात काही तथ्य होते. मात्र १९९१ साली लिथियम-आयन बॅटऱ्या बाजारात आल्या, आज फोन, लॅपटॉप आणि इअरफोनमध्ये त्याच असतात, आणि त्यांच्या बाबतीत हा सल्ला नुकसानच करतो. घरातील ई-कचऱ्याचा विचार करताना बॅटरीपासून सुरुवात करावी असे मला वाटते, कारण स्क्रीन, चिप आणि कॅमेरा शाबूत असलेला फोन जेव्हा बाद ठरवला जातो, तेव्हा पुष्कळदा थकलेली असते ती केवळ बॅटरी.

संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील अवघा २२.३ टक्के रीतसर गोळा होऊन पुनर्चक्रीकरणापर्यंत पोहोचल्याची नोंद आहे. पुनर्चक्रीकरण आवश्यकच आहे. परंतु फोनमुळे होणाऱ्या कार्बन उत्सर्जनाचा मोठा वाटा तो ग्राहकाच्या हाती येण्यापूर्वीच होऊन गेलेला असतो. म्हणून आहे तोच फोन आणखी दोन वर्षे चालवण्यात जो लाभ आहे, तो फोन मोडून त्यातील धातू परत मिळवण्यात नाही.

लिथियम-आयन बॅटरीत एका बाजूला ग्राफाइट असते, दुसऱ्या बाजूला लिथियम व कोबाल्टसारख्या धातूंचे ऑक्साइड असते आणि दोहोंमध्ये इलेक्ट्रोलाइट हा द्रव असतो. चार्जिंग करताना लिथियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) ऑक्साइडमधून निघून ग्राफाइटच्या थरांमध्ये जाऊन बसतात; पूर्ण भरलेल्या ग्राफाइटमध्ये कार्बनच्या दर सहा अणूंमागे लिथियमचा एक अणू असतो. फोन वापरताना हेच आयन उलट परततात. एवढेच घडत असते, तर बॅटरी कधीच थकली नसती. अडचण अशी की इलेक्ट्रोलाइटमधील सेंद्रिय कार्बोनेट संयुगे चार्ज झालेल्या ग्राफाइटच्या सहवासात टिकू शकत नाहीत. लिथियम धातूच्या तुलनेत ग्राफाइटचे विभव (विद्युतदाब) सुमारे ०.८ व्होल्टच्या खाली उतरले, की ही संयुगे ग्राफाइटकडून इलेक्ट्रॉन घेऊन विघटित होऊ लागतात, आणि पूर्ण चार्ज झालेल्या ग्राफाइटचे विभव तर ०.१ व्होल्टच्या आसपास असते. याचा अर्थ, पहिल्याच चार्जिंगमध्ये बॅटरीची नासाडी सुरू व्हायला हवी.

ती सुरू होते आणि स्वतःच थांबते. विघटनातून निर्माण झालेली लिथियमची संयुगे ग्राफाइटवर काही दहा नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मीटरचा अब्जावा भाग) जाडीचा थर बनवतात. १९७९ साली एमानुएल पेलेड या शास्त्रज्ञाने अशा थराची कल्पना मांडली. हा थर लिथियमच्या आयनांना वाट देतो, पण इलेक्ट्रॉनांना अडवतो, त्यामुळे पुढचे विघटन जवळजवळ थांबते. ज्या अभिक्रियेने बॅटरी नष्ट व्हायला हवी, तिच्याच अवशेषांनी तिचे रक्षण होते. संपूर्ण विद्युत-रसायनशास्त्रात याहून देखणी गोष्ट मला माहीत नाही.

तथापि हे संरक्षण पूर्ण नसते. थोडे इलेक्ट्रॉन झिरपत राहतात आणि थर जाड होत जातो. त्याची वाढ ढोबळमानाने काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात होते, म्हणजे चौपट काळात जाडी दुपटीने वाढते. त्यातच पूर्ण चार्ज होताना ग्राफाइट सुमारे १० टक्के फुगते व नंतर आकसते, त्यामुळे थराला भेगा पडतात आणि उघड्या पडलेल्या जागी नवा थर धरतो. प्रत्येक वेळी थोडे लिथियम त्या थरात कायमचे अडकते. बॅटरीची क्षमता ८० टक्क्यांवर आली, तरी तिच्यातील लिथियम कुठेही गेलेले नसते. त्यातील काही भाग फक्त कामातून उठलेला असतो.

उष्णतेने ही वाढ वेगाने होते आणि बॅटरी सतत पूर्ण भरलेली ठेवल्यानेही. म्हणून फोन उशीखाली ठेवून चार्ज करू नये, शक्य तेव्हा चार्ज २० ते ८० टक्क्यांच्या दरम्यान राखावा आणि चार्ज ८० टक्क्यांवर थांबवण्याची सोय फोनमध्ये असल्यास ती वापरावी. ‘किरणोत्सर्ग रोखणारे’ म्हणून विकले जाणारे स्टिकर फोनला लावणे ही निव्वळ अंधश्रद्धा आहे. मोबाइलच्या रेडिओलहरी आणि अणुकेंद्रातून निघणारा किरणोत्सर्ग या वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय एखादा स्टिकर त्या लहरी खरोखरच अडवू लागला, तर टॉवरशी संपर्क राखण्यासाठी फोन अधिक शक्ती खर्च करील आणि बॅटरीच अधिक तापेल.

कपाटात पडून असलेल्या जुन्या फोनचेही असेच आहे. तो पूर्ण चार्ज करून ठेवला तर थर वाढत राहतो. पूर्ण उतरलेला ठेवला तर काही काळाने आतील तांब्याचा पत्रा विरघळू लागतो आणि पुन्हा चार्ज केल्यावर ते तांबे भलत्या जागी साचून आतल्या आत शॉर्टसर्किट होऊ शकते. ठेवायचाच असेल, तर अर्धा चार्ज करून थंड जागी ठेवावा. मात्र चालू अवस्थेत असतानाच तो दुसऱ्या कुणाला वापरायला देणे अधिक चांगले. खासगी माहितीच्या भीतीने अनेक जण फोन सोडत नाहीत. आजच्या बहुतेक फोनमधील माहिती कूटबद्ध, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या रूपात, असते, त्यामुळे खात्यांतून बाहेर पडून फॅक्टरी रीसेट केल्यावर तिची किल्लीच नष्ट होते.

निकामी बॅटरी घरच्या कचऱ्यात कधीही टाकू नये. कचरागाडीत ती चिरडली गेली, तर शॉर्टसर्किट होऊन तापते. सुमारे ८० ते १२० अंश सेल्सिअसला आधी तो संरक्षक थरच विघटित होऊन उष्णता सोडतो, १३० अंशांच्या आसपास दोन्ही बाजूंमधील प्लॅस्टिकचा पडदा वितळतो आणि आग भडकते. चाके असलेल्या, फुली मारलेल्या कचरापेटीचे चिन्ह उपकरणांवर असते ते याचसाठीही. सुट्या बॅटरीच्या टोकांना चिकटपट्टी लावून ती अधिकृत संकलन केंद्रात द्यावी. फुगलेली बॅटरी दाबू नये, टोचू नये आणि चार्जही करू नये.

नवीन वस्तू घेताना तिची बॅटरी बदलता येते का, हे कॅमेऱ्याच्या मेगापिक्सेलआधी विचारावे. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून विक्रीस येणाऱ्या फोनच्या बॅटरीने ८०० चार्जिंग-चक्रांनंतरही किमान ८० टक्के क्षमता राखणे बंधनकारक आहे, आणि १८ फेब्रुवारी २०२७ पासून बहुतेक लहान उपकरणांतील बॅटरी वापरणाऱ्याला स्वतः काढता यावी, असा तेथील नियम आहे. वायरलेस इअरफोनच्या बहुतेक जोड्यांमध्ये इवल्याशा बॅटऱ्या डिंकाने पक्क्या बसवलेल्या असतात. त्या थकल्या की स्पीकर आणि मायक्रोफोन उत्तम चालत असूनही संपूर्ण जोडी कचऱ्यात जाते.