जिथे स्तुती थांबते: हिब्रू शास्त्रातला शोक

हिब्रू शास्त्रात, म्हणजे ज्यूंच्या धर्मग्रंथात (ख्रिस्ती बायबलच्या जुन्या करारात), मरणाची खरी भीती वेगळीच आहे: देवाशी बोलणे तुटते. भले-वाईट सगळेच शेओलात, मराठी बायबलच्या ‘अधोलोकात’, उतरतात. तिथे शिक्षा नाही, पण स्तुतीही नाही. स्तोत्रे 6 आणि 115 हेच सांगतात, आणि आजारी हिज्कीया राजा (यशया 38) याच मुद्द्यावर आयुष्य वाढवून मागतो.

नियमांतही हे तुटणे दिसते. गणना या पुस्तकाच्या 19व्या अध्यायाप्रमाणे प्रेताला शिवलेला माणूस 7 दिवस अशुद्ध. तांबड्या कालवडीची राख वाहत्या पाण्यात कालवून तिसऱ्या आणि सातव्या दिवशी त्याच्यावर शिंपडायची. तिसरा दिवस हुकला, तर सातव्याला शुद्धी होत नाही. इथे नाते नव्हे, स्पर्श मोजतात. आपल्या सुतकाशी गल्लत नको.

याकोबासाठी 7 दिवस शोक झाला, मोशेसाठी 30. कपडे फाडणे, गोणपाट, धूळ, उपास ही मेलेल्यासाठीची रीत. देवाने पाठ फिरवली असे वाटणाराही तेच करतो. म्हणूनच 2 शमुवेल 12 मध्ये चाकर गोंधळतात: मूल आजारी असताना दावीद राजा उपाशी जमिनीवर पडून, आणि ते गेल्यावर उठून स्नान करून जेवतो. उपास मुलाच्या मरणाचा नव्हता, देवाच्या मनधरणीचा होता.

इ.स.पू. 586 च्या सुमारास बाबेलने (बॅबिलोनने) यरुशलेमचे मंदिर जाळले आणि दोन्ही शोक एक झाले. या नाशावरच्या पाच गीतांच्या पुस्तकात, विलापगीतात, शहरच विधवा होऊन बसते. पहिली चार गीते हिब्रूच्या 22 अक्षरांवर बांधलेली, तिसऱ्यात प्रत्येक अक्षराला तीन ओळी. पाचव्यात कडवी 22 च, पण अक्षरक्रम मोडलेला. ओळीही बहुधा लंगडतात: आधी तीन ठोके, मग दोनच. जर्मन अभ्यासक कार्ल बुड्डे यांनी 1882 मध्ये ही लय दाखवून दिली. देव मात्र गप्प. तिसऱ्या गीतातले ‘भिऊ नको’ तेवढे त्याचे, तेही आठवणीतले. स्तोत्र 88 तर याहून कठोर, त्याचा शेवटचा शब्दच ‘अंधार’.

तिशा बआवच्या, म्हणजे मंदिराच्या नाशाच्या स्मरणातल्या ज्यू उपासाच्या, रात्री विलापगीत जमिनीवर बसून वाचतात. कोकणातल्या बेने इस्रायलींनी (मराठी ज्यूंनी) या दिवसाला ‘बिरड्याचा सण’ म्हटले. मांस वर्ज्य, म्हणून वालाचे बिरडे. विलापगीताची शेवटची ओळ देवाने टाकून दिल्याची आहे. तिथे वाचन थांबवत नाहीत. आधीची, ‘आम्हांला परत फिरव’ ही ओळ पुन्हा म्हणतात.