पार्श्वभूमी: निळीची कुंडी पुन्हा का आंबतेय?

बेलापूरच्या अर्बन हाटमध्ये कच्छचं अजरख, म्हणजे निळीत रंगवलेलं ठशांच्या छपाईचं कापड, दिसतं. ठाण्यात सुट्टीच्या दिवशी निळीत रुमाल बुडवायची कार्यशाळा भरते, तेव्हा ‘मन शांत होतं’ असं आवर्जून सांगितलं जातं. होतही असेल. पण या रंगाचा इतिहास मुळीच शांत नाही.

निळीच्या पाल्यात निळा रंग नसतोच. पाला पाण्यात भिजत घातला की त्यातलं इंडिकन, म्हणजे रंगाचं मूळ द्रव्य, फुटतं. मग ते हिरवट-पिवळं पाणी घुसळून हवा खेळवली की निळा गाळ तळाशी बसतो. बंगाल-बिहारच्या कोठ्यांत, म्हणजे निळीच्या कारखान्यांत, मजूर हौदात उतरून हे घुसळत. वाळवलेली वडी पाण्यात विरघळत नाही, म्हणून रंगारी चुना-गूळ घालून कुंडी आंबवतो. कापड बाहेर येतं पिवळट-हिरवं आणि हवा लागताच डोळ्यांदेखत निळं होतं. गडद छटा हवी असेल तर पुन्हा बुडवायचं, पुन्हा वाऱ्यावर धरायचं. महाराष्ट्रात हे काम करणारी निराळी नावाची जातच होती.

सतराव्या शतकात डच आणि इंग्रज व्यापारी अहमदाबादजवळच्या सरखेजची आणि आग्ऱ्याकडच्या बयानाची नीळ युरोपात नेत. पुढे निळीचे युरोपीय मळेवाले बंगालात शिरले. आगाऊ रक्कम देऊन रयतेला कर्जात अडकवायचं आणि भाताच्या जमिनीत नीळ पेरायला लावायची, असा त्यांचा खाक्या. 1859 मध्ये रयत उठली. बिहारात मात्र तीनकठियाची सक्ती चालूच राहिली, म्हणजे जमिनीच्या दर वीस कठ्ठ्यांतले (कठ्ठा हे जमिनीचं माप) तीन कठ्ठे निळीला. 1917 मध्ये गांधीजी चंपारणला गेले आणि पुढच्या वर्षी कायद्याने ती बंद झाली. तोवर प्रयोगशाळेने निळीचं कंबरडं मोडलं होतं. जर्मनीच्या बीएएसएफने 1897 मध्ये कृत्रिम नीळ बाजारात आणली होती. गंमत म्हणजे मुख्य रेणू तोच, फक्त पाला, हौद आणि मजूर लागत नाहीत.

कारखान्यातल्या रंगाचा हिशेब आपल्या दारातही दिसला. ऑगस्ट 2017 मध्ये नवी मुंबईजवळच्या तळोजा औद्योगिक वसाहतीत भटकी कुत्री रंग लागून निळी फिरू लागली आणि प्रदूषण नियंत्रण मंडळाने एक कारखाना बंद केला. (गोष्टीतला कोल्हा निळीत पडून निदान राजा तरी झाला होता.)

बाजारात निळीला मारलं ते तिच्या वेळखाऊपणाने. माझ्या मते आज ठाण्या-वाशीची माणसं नेमके त्याचेच पैसे मोजतात. कुंडी आंबायला घेते तेवढे दिवस घेते, तिला घाई करता येत नाही. त्यात हात गुंतले की बरं वाटतं, इतपत खरं. आयुर्वेदात नीली केसांच्या तेलात पडते, चिनी वैद्यकात निळीची पूड सोरायसिसवर लावतात. पण ती औषधं झाली. निळा दुपट्टा घेऊन त्वचारोग जातो असं कुणी सांगितलं, तर दुपट्टा घ्यावा, दावा तिथेच ठेवावा. उलट कुंडीतला चुना हात पोळवतो, तेव्हा हातमोजे घालूनच बुडवा.