गेर्साऊ

स्वित्झर्लंडच्या श्विट्झ कँटनमधील (कँटन म्हणजे संघराज्यातील घटकराज्य) एक लहान नगरपालिका व जिल्हा. लोकसंख्या दोन हजारांहून थोडी अधिक. लुझर्नच्या सरोवराच्या उत्तर काठावर, व्हिट्झनाऊ आणि ब्रुनेन यांच्या दरम्यान, रिगी डोंगररांगेच्या दक्षिण पायथ्याशी हे गाव वसले आहे. पाठीशी खडा डोंगर, पुढ्यात खोल पाणी, शेजारी जायला दोन्ही बाजूंनी अवघड कडे, अशी ही जागा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काठाने गाडीरस्ता होईपर्यंत बाहेरच्या जगाशी संबंध मुख्यतः होडीनेच येई. नकाशावर शोधावे लागणारे हे गाव शतकानुशतके स्वतंत्र प्रजासत्ताक होते, ते बऱ्याच अंशी या अडचणीच्या जागेमुळेच.

मध्ययुगात गेर्साऊवर हाब्सबुर्ग या ऑस्ट्रियाच्या राजघराण्याचे हक्क होते. चौदाव्या शतकात ते लुझर्नच्या फॉन मोस या धनिक कुटुंबाकडे गहाण पडले. १३५९ मध्ये गावाने लुझर्न, उरी, श्विट्झ आणि उंटरवाल्डन या चार शेजाऱ्यांशी करार केला, आणि १३८६ च्या सेम्पाखच्या लढाईत येथील माणसे हाब्सबुर्गांविरुद्ध लढली. निर्णायक घटना मात्र रणांगणावर घडली नाही. १३९० मध्ये गावकऱ्यांनी ६९० पौंड फेनिंग (त्या काळचे चांदीचे नाणे) एवढी रक्कम उभी करून फॉन मोस कुटुंबाकडून आपल्यावरचे सारे हक्क विकत घेतले. शेतकरी, गुराखी आणि कोळी यांच्या वस्तीला ही रक्कम जड गेली असणार. १४३३ मध्ये पवित्र रोमन साम्राज्याचा सम्राट सिगिस्मुंड याने या स्वातंत्र्याला मान्यता दिली. त्यामुळे गेर्साऊ थेट साम्राज्याच्या अधीन झाले, म्हणजेच मधला कोणी सरदार उरला नाही.

पुढची साडेतीनशे वर्षे गावाचा कारभार लांड्सगेमाइंडे या पुरुष नागरिकांच्या खुल्या सभेतून चाले. सभा आपला प्रमुख, लांडअमान, निवडत असे. गावाला स्वतःचे न्यायालय होते, देहदंड देण्याचा अधिकार होता, वधस्तंभही होता. पूर्णपणे एकाकी असे हे स्वातंत्र्य नव्हते, कारण चार शेजाऱ्यांचे संरक्षण होते आणि त्या बदल्यात लढाईत माणसे पाठवावी लागत. तरी एवढीशी वस्ती सार्वभौम राहू शकली, कारण ती गिळण्यात कोणालाही फारसा लाभ नव्हता, असेही म्हणता येईल.

१७९८ मध्ये फ्रेंच सैन्य आले आणि त्यांनी स्वित्झर्लंडवर लादलेल्या केंद्रीभूत हेल्वेटिक प्रजासत्ताकात जुनी सर्व गणिते विस्कटली, गेर्साऊचे स्वातंत्र्यही गेले. नेपोलियनची सत्ता ढासळताच १८१४ मध्ये गेर्साऊने पुन्हा स्वातंत्र्य जाहीर केले. ते टिकले नाही. स्विस संघराज्याच्या सभेने १८१७ मध्ये निर्णय दिला आणि १८१८ पासून गेर्साऊ श्विट्झ कँटनचा भाग बनले. स्वातंत्र्याची खूण आजही कारभारात सापडते. श्विट्झच्या सहा जिल्ह्यांपैकी गेर्साऊ हा एक, आणि त्या जिल्ह्यात गाव एकच. गावकरी अजून अभिमानाने ‘जुने स्वतंत्र प्रजासत्ताक’ असा उल्लेख करतात.

अठराव्या शतकात गावाला रेशमाने पैसा दिला. कोश उलगडताना उरणारा निकृष्ट रेशमी चोथा विंचरून त्याचे सूत काढण्याचा हा धंदा होता. कामेनझिंड आणि क्युटेल या स्थानिक घराण्यांचे व्यापारी कच्चा माल आणत आणि आसपासच्या खोऱ्यांतील घराघरांत बायकामुलांकडून कातून घेत. पुढे डोंगरी ओढ्यांच्या बळावर गिरण्या उभ्या राहिल्या. १८०७ ते १८१२ या काळात बांधलेले संत मार्सेलसचे चर्च गावाच्या मानाने बरेच मोठे आहे. त्यामागे रेशमाचा पैसा असावा, असे वाटल्यावाचून राहत नाही.

गेर्साऊची आणखी एक आठवण भटक्या लोकांशी निगडित आहे. चर्चच्या वार्षिक जत्रेला येनिश (मध्य युरोपातील एक भटका समाज) आणि इतर फिरस्ती कुटुंबे इथे जमत. एरवी ठिकठिकाणी हुसकावल्या जाणाऱ्या या लोकांना जत्रेपुरती मोकळीक असे. एकोणिसाव्या शतकात हा मेळा बंद पडला, विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात येनिश लोकांनीच तो पुन्हा सुरू केला. मधल्या काळात, १९२६ ते १९७३ दरम्यान, देशात एका मुलांच्या कल्याणसंस्थेने शेकडो येनिश मुले आईबापांपासून तोडली. ही पार्श्वभूमी ठाऊक असल्यावर इथल्या मेळ्याला केवळ मौजेची जत्रा म्हणता येत नाही.

सौम्य हवामानामुळे इथे चेस्टनट आणि ताडवर्गीय झाडेही वाढतात. दक्षिणेकडून फ्योन हा उष्ण वारा सुटला की हिवाळ्यातही ऊब येते, पण सरोवर खवळते. आज बरेच लोक कामासाठी बाहेरगावी जातात. बस आणि बोटी आहेत, समोरच्या बेकेनरीडला मोटारी नेणारी फेरीही आहे. उतारावरच्या शेतकऱ्यांची गुरे उन्हाळ्यात वरच्या कुरणांवर चढतात. रिगी-शायडेगवर हिवाळ्यात स्कीइंग चालते.

जंगले आणि डोंगरी कुरणे यांचा मोठा हिस्सा गेनोसामे या सामायिक मालकीच्या संस्थेकडे आहे. तिचे सदस्यत्व जुन्या स्थानिक घराण्यांच्या वंशजांपुरते असते, आणि गावात घर घेतल्याने ते मिळत नाही. स्वित्झर्लंडमध्ये पासपोर्टवर जन्मगावाऐवजी मूळगाव, म्हणजे घराण्याचे नागरिकत्व ज्या गावाचे ते गाव, नोंदवतात. त्यामुळे कधीच इथे न राहिलेल्या कित्येकांच्या पासपोर्टवरही गेर्साऊचे नाव असते.