संध्याकाळची विरार फास्ट आणि भीतीचे विलोपन

२१ जुलै २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने २००६ च्या लोकल बॉम्बस्फोट खटल्यात शिक्षा झालेल्या बाराही जणांना निर्दोष ठरवले आणि त्या दिवशी वृत्तवाहिन्यांवर एकोणीस वर्षांपूर्वीचे फाटलेले डबे पुन्हा दिसू लागले. निकालाच्या कायदेशीर बाजूविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. ती दृश्ये पाहताना मनात आला तो त्या डब्यांतून जिवंत बाहेर पडलेल्या माणसांचा विचार. ११ जुलै २००६ च्या संध्याकाळी पश्चिम रेल्वेवर अवघ्या ११ मिनिटांत ७ स्फोट झाले, ते सगळे पहिल्या वर्गाच्या डब्यांत झाले आणि त्यांत १८० हून अधिक माणसे मारली गेली. दुसऱ्या दिवशी गाड्या धावत होत्या, त्या भरलेल्याही होत्या आणि या गोष्टीला आपण 'मुंबई स्पिरिट' असे कौतुकाचे नाव दिले. गाडीत चढलेल्या माणसाच्या छातीत काय चालले आहे, हे त्या नावावरून कळत नाही. नोकरी टिकवायची असेल तर त्याला चढावेच लागत होते.

मानसिक आघाताविषयी दोन समजुती मला सतत ऐकू येतात. पहिली जुनी आहे: काळ हेच औषध. दुसरी नवी आहे आणि ती मोबाइलवरच्या छोट्या व्हिडिओंमधून पसरते: थेरपिस्ट एका बैठकीत मनातली वाईट आठवण पुसून टाकतो. या दोन्ही समजुती का चुकतात, हे समजून घ्यायचे असेल तर भीती कशी शिकली जाते आणि ती 'जाते' म्हणजे नेमके काय होते, हे पाहावे लागते.

आधी विकाराची ओळख थोडक्यात करून घेऊ. पहिल्या महायुद्धात तोफगोळ्यांच्या माऱ्यातून परतलेल्या सैनिकांचा स्मृतिभ्रंश आणि दृष्टी, वास व चव हरपणे यांविषयी चार्ल्स मायर्स या ब्रिटिश वैद्यकाने १९१५ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये लिहिले, तेव्हा त्या अवस्थेला 'शेल शॉक' म्हटले गेले. आज आपण ज्याला आघातोत्तर तणाव विकार किंवा पीटीएसडी म्हणतो, ते निदान अमेरिकी मनोविकार संघटनेच्या नियमावलीत १९८० मध्ये, व्हिएतनाम युद्धानंतर दाखल झाले. प्रसंग नको असताना पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येणे, त्याची आठवण करून देणाऱ्या गोष्टी टाळणे, स्वतःविषयी व जगाविषयी मन काळवंडणे आणि शरीर सतत सावध राहणे, अशी ही लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकली आणि त्यांमुळे रोजचे जगणे अडू लागले तर हे निदान केले जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार जगातील सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधीतरी आघातकारक प्रसंग येतो, त्यांपैकी ५.६ टक्के लोकांनाच हा विकार होतो. म्हणजे बहुतेक माणसे सावरतात आणि अनेकांची लक्षणे पहिल्या काही महिन्यांत आपोआप ओसरतात.

जाता जाता सांगायला हवे की मांत्रिकाची पत याच नैसर्गिक सुधारणेवर उभी असते. अपघातातून वाचलेला मुलगा रात्री दचकून उठू लागला की घरचे 'बाहेरची बाधा' म्हणून उतारा टाकतात, दोन महिन्यांनी मुलगा शांत झोपू लागतो आणि श्रेय लिंबू-नारळाला जाते. मात्र आपोआप न सावरणाऱ्या थोड्यांना या खटाटोपात वर्षे गमवावी लागतात, वर 'तुझीच श्रद्धा कमी पडली' असे ऐकून घ्यावे लागते.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला त्या मुद्द्याकडे येतो. समजा, वसईला राहणारा आणि चर्चगेटजवळ नोकरी करणारा एक प्रवासी आहे. तो खरा कोणी नाही, समजावण्याच्या सोयीसाठी मी त्याला उभे केले आहे. त्या संध्याकाळी तो स्फोट झालेल्या डब्याच्या शेजारच्या डब्यात होता. त्यानंतर त्याने पहिल्या वर्गाचा पास सोडला. कार्यालयात तो रात्री साडेनऊपर्यंत बसून राहतो, मग सेकंड क्लासच्या दारात, दांडी धरून, बाहेर तोंड करून उभा राहतो. चढताना रॅकवरच्या प्रत्येक बॅगेकडे पाहतो आणि जिचा मालक कळत नाही अशी बॅग दिसली की पुढच्या स्टेशनावर डबा बदलतो. असे तो वर्षानुवर्षे करतो आहे. आता शाळेत शिकलेला पावलॉव्ह आठवा: घंटेनंतर अन्न मिळत गेले की कुत्र्याला घंटेनेच लाळ सुटते आणि नुसती घंटा पुष्कळदा वाजवली, अन्न दिलेच नाही, तर लाळ सुटणे थांबते. या थांबण्याला विलोपन म्हणतात. मग या प्रवाशाने हजारो वेळा लोकलने प्रवास केला, एकदाही स्फोट झाला नाही, तरी त्याच्या भीतीचे विलोपन का झाले नाही?

याचे उत्तर त्या दारातल्या दांडीपाशी आहे. मेंदू शिकतो तो अपेक्षा आणि अनुभव यांच्यातील फरकातून. 'आता काहीतरी भयंकर होणार' अशी ठाम अपेक्षा असावी आणि ते होऊ नये, तेव्हा जुन्या गणितात दुरुस्ती करण्याचा संकेत मेंदूत निर्माण होतो. आपल्या प्रवाशाने मात्र ही अपेक्षा कधी कसोटीला लावलीच नाही. सुखरूप वसईला उतरल्यावर त्याच्या मेंदूत नोंद होते ती 'लोकल सुरक्षित आहे' अशी नसून 'दारात उभा होतो म्हणून वाचलो' अशी असते. डबा बदलल्यावर जो सुटकेचा निःश्वास येतो तोच बक्षिसाचे काम करतो आणि टाळण्याची सवय रोज थोडी अधिक पक्की करतो. मानसशास्त्रात अशा युक्त्यांना सुरक्षा-वर्तन म्हणतात. अशा माणसासाठी काळ हे औषध का ठरत नाही, याचे कारणही हेच आहे: काळ एकोणीस वर्षांचा गेला, पण शिकण्याची एकही संधी त्याने त्या माणसाला दिली नाही.

विलोपनाविषयीची सर्वांत सुंदर गोष्ट पावलॉव्हलाच दिसली होती. ज्या कुत्र्याची लाळ थांबली होती, त्याला थोडी विश्रांती देऊन पुन्हा घंटा ऐकवली की लाळ पुन्हा सुटे. जुने शिकणे पुसले गेले असते तर ते परत आलेच नसते. अमेरिकेतील व्हरमाँट विद्यापीठाचे मार्क बाऊटन यांनी पुढे उंदरांवरच्या प्रयोगांतून दाखवले की विलोपन हे परिस्थितीला घट्ट बांधलेले असते. एका पिंजऱ्यात आवाजासोबत शॉक देऊन भीती शिकवली, दुसऱ्या पिंजऱ्यात नुसता आवाज ऐकवून तिचे विलोपन केले, तर उंदीर दुसऱ्या पिंजऱ्यात शांत राहतो, पण पहिल्या पिंजऱ्यात परत ठेवताच तोच आवाज ऐकून गोठून जातो. भीतीची आठवण कुठेही गेली तरी सोबत येते. 'धोका नाही' ही आठवण मात्र ती जिथे शिकली तिथेच रेंगाळते.

मेंदूत हे कसे घडते, हे सांगताना शब्द थोडे जड होतील. अमिग्डाला हा बदामाच्या आकाराचा भाग आहे. त्याच्या पार्श्व भागात आवाज आणि शॉक यांची सांगड घातली जाते, मध्यवर्ती केंद्रकातून पुढे हृदयाची धडधड, घाम, गोठून जाणे यांचे आदेश निघतात आणि या दोहोंच्या मध्ये प्रतिबंधक चेतापेशींचे छोटे पुंजके असतात. विलोपन शिकताना प्रीफ्रंटल कॉर्टेक्स या कपाळामागच्या मेंदूभागाच्या आतल्या, खालच्या भागाकडून या पुंजक्यांना चालना मिळते, ते गाबा हे रसायन सोडतात आणि आदेश देणाऱ्या केंद्रकाला दाबून धरतात. मोहम्मद मिलाद आणि ग्रेगरी क्वर्क यांनी २००२ मध्ये 'नेचर'मध्ये दाखवले की विलोपन शिकलेल्या उंदराला दुसऱ्या दिवशी तो आवाज ऐकवला की प्रीफ्रंटलमधील नेमक्या त्या भागातील पेशी सक्रिय होतात आणि त्या जितक्या जास्त सक्रिय, तितका उंदीर कमी गोठतो. आपण कोणत्या परिस्थितीत आहोत ही माहिती हिपोकॅम्पस हा मेंदूचा आणखी एक भाग पुरवतो, त्यामुळे ब्रेक लावायचा की नाही हा निर्णय जागेनुसार बदलतो. थोडक्यात, जुनी सांगड पार्श्व भागात बऱ्याच अंशी शाबूत असते. थेरपीत जे तयार होते ते तिच्यावर दाबला जाणारा, जागेगणिक कमी-अधिक लागणारा ब्रेक.

हे कळले की थेरपीच्या खोलीत जे चालते ते विचित्र वाटेनासे होते. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या एड्ना फोआ यांनी विकसित केलेल्या 'प्रोलॉन्ग्ड एक्स्पोझर' या पद्धतीत साधारण ८ ते १५ सत्रे असतात आणि प्रत्येक सत्र सहसा ९० मिनिटांचे असते. पहिली सत्रे समजावण्यात जातात. त्यानंतर डोळे मिटून तो प्रसंग वर्तमानकाळात, मोठ्याने सांगायचा असतो: 'गाडी स्टेशन सोडते आहे, मी पेपर घडी घालतो आहे, आता आवाज येतो.' एकदा सांगून झाले की पुन्हा सुरुवातीपासून सांगायचे. मधूनमधून थेरपिस्ट विचारतो, 'आता अस्वस्थता शंभरपैकी किती?' सांगणे ध्वनिमुद्रित होते आणि ते मुद्रण घरी रोज ऐकायचे असते. पहिल्या आठवड्यात हा गृहपाठ छळासारखा वाटतो आणि पुष्कळांना याच टप्प्यावर सोडून द्यावेसे वाटते, हे लपवण्यात अर्थ नाही. पण ऐकता ऐकता त्या कथेतले तपशील जागेवर बसू लागतात. 'मी शेजाऱ्याला ओढायला हवे होते' असे स्वतःला दोष देणारा माणूस स्वतःच्याच आवाजात ऐकतो की त्या क्षणी धुरात त्याला हातभरावरचेही दिसत नव्हते.

दुसरी बाजू प्रत्यक्ष सामोरे जाण्याची असते. आपल्या प्रवाशासाठी पायऱ्यांची यादी बनेल: दुपारी चर्चगेटच्या फलाटावर अर्धा तास बसणे, उभ्या गाडीत शिरून उतरणे, स्लो गाडीने मरीन लाइन्सपर्यंत जाणे, नंतर दादरपर्यंत, नंतर दारापासून दूर सीटवर बसून आणि शेवटी गर्दीच्या वेळी पहिल्या वर्गात. प्रत्येक पायरीआधी तो लिहून काढतो की नेमके काय होईल असे वाटते. मिशेल क्रास्क यांच्यासारख्या संशोधकांचा आग्रह असा की त्या क्षणी भीती किती उतरली यापेक्षा लिहिलेली अपेक्षा किती खोटी ठरली हे महत्त्वाचे, आणि बाऊटनचा उंदीर आठवून सराव वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या गाड्यांत, कोरड्या व पावसाळी दिवशी करावा. दुपारच्या रिकाम्या स्लो गाडीत शिकलेले धैर्य संध्याकाळच्या विरार फास्टमध्ये आपोआप लागू होत नाही. एरवीही त्या गाडीत चढायला वेगळे धैर्य लागते, ही गोष्ट निराळी.

आठवण पुसण्याच्या दाव्यामागेही विज्ञानाचा एक धागा आहे, तो सांगितला पाहिजे. २००० मध्ये करीम नादर, ग्लेन शेफ आणि जोसेफ लेडू यांनी दाखवले की उंदराची भीतीची आठवण जागी केल्यावर ती काही तास कच्ची होते आणि त्या वेळी अमिग्डालात प्रथिननिर्मिती रोखणारे द्रव्य सोडले तर ती पुन्हा पक्की होत नाही. हा प्रयोग मला फार आवडतो. पण ते द्रव्य माणसाच्या मेंदूत सोडण्यासारखे नाही आणि रक्तदाबावरील प्रोप्रानोलॉल देऊन हाच परिणाम माणसांत साधण्याच्या प्रयत्नांचे निकाल सारखे आलेले नाहीत. त्यामुळे या प्रयोगाचा हवाला देऊन कोणी एका शनिवार-रविवारच्या शिबिरात आघात 'डिलीट' करून देत असेल, तर तो विज्ञानाचे नुसते लेबल विकतो आहे.

इतर पद्धतींचा उल्लेख थोडक्यात करतो. पॅट्रिशिया रेसिक यांची सुमारे १२ सत्रांची विचारप्रक्रिया थेरपी दोषभावनेवर अधिक भर देते. फ्रान्सिन शापिरो यांच्या ईएमडीआर या पद्धतीत आठवण मनात धरून डोळे डावी-उजवीकडे हलवायचे असतात. तिचा उपयोग होतो, पण तो डोळे हलवल्याने होतो की आठवणीला सामोरे गेल्याने, हा वाद मिटलेला नाही. सर्ट्रालिनसारख्या नैराश्यावरील औषधांनी काहींना मदत होते. प्रसंगानंतर लगेच सर्वांना एकत्र बसवून एकदाच सगळे बोलायला लावण्याने हा विकार टळतो, असे मात्र चाचण्यांत आढळले नाही. काहींना त्याचा त्रासच झाला. थेरपी सर्वांना पुरते असेही नाही. लष्करी रुग्णांवरील चाचण्यांच्या २०१५ मधील आढाव्यात, लक्षणे घटूनही सुमारे दोनतृतीयांश जणांचे निदान उपचारांनंतर कायम होते.

आपल्याकडे मदत शोधताना एक फरक ध्यानात ठेवावा: औषधे लिहून देतो तो मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर असतो आणि वर सांगितलेली थेरपी बहुधा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ देतात. 'समुपदेशक' अशी पाटी पाहून मात्र प्रशिक्षणाची खात्री होत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत विचारावे की आघातावरील कोणत्या पद्धतीचे प्रशिक्षण घेतले आहे आणि साधारण किती सत्रे लागतील. या प्रश्नाचा राग आला तर दुसरीकडे जावे. सुरुवात कोठून करावी हेच कळत नसेल तर केंद्र सरकारच्या टेलि-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक आहे.

समजा, आपल्या वसईच्या प्रवाशाने ही सगळी सत्रे पुरी केली, पहिल्या वर्गाचा पास पुन्हा काढला आणि दोन वर्षे नीट गेली. मग एका जुलैत दूरदर्शनवर ते फाटलेले डबे दिसले आणि दुसऱ्या दिवशी त्याचा हात आपोआप दारातल्या दांडीकडे गेला. विलोपनाचे नियम ठाऊक असलेला थेरपिस्ट याला अपयश म्हणणार नाही. तो दोन सत्रे ठरवील, यादीतली खालची पायरी पुन्हा काढील आणि दारापासून तिसऱ्या रांगेत, खिडकीजवळ, रॅकवर कोणाची बॅग आहे हे न पाहता दादरपर्यंत बसायला सांगेल.