वृक्षबेडकांतील नर-मादी भेद

पाळीव वृक्षबेडूक नर आहे की मादी, हे बाह्य लक्षणांवरून ठरविण्याची रीत. बेडकांत फलन सहसा शरीराबाहेर होते. नराला बाह्य जननेंद्रिय नसते आणि दोघांचे अवस्करद्वार (मलमूत्र व प्रजननपेशी बाहेर पडण्याचे एकच छिद्र) सारखेच दिसते. त्यामुळे सगळी भिस्त दुय्यम लैंगिक लक्षणांवर, म्हणजे जननेंद्रियांखेरीज नर-मादीत दिसणाऱ्या इतर फरकांवर, राहते. येथे मुख्यतः ऑस्ट्रेलिया व न्यू गिनीतील हिरव्या वृक्षबेडकाचा विचार केला आहे. हा बेडूक अनेक देशांत पाळला जातो.

या जातीचे पहिले वर्णन न्यू साउथ वेल्समधील शल्यचिकित्सक जॉन व्हाइट यांच्या १७९० च्या ग्रंथात आढळते. हिरव्या बेडकाला ‘सेरुलिया’ म्हणजे निळा हे जातिनाम का मिळाले, हा जुना प्रश्न आहे. इंग्लंडला पाठविलेला नमुना परिरक्षक द्रवात निळा पडला असावा, हे स्पष्टीकरण बहुतेकांना मान्य आहे आणि ते त्वचेच्या रचनेशी जुळते. त्वचेतील एक थर निळा प्रकाश परावर्तित करतो, त्यावर पिवळ्या रंगद्रव्याचा थर असतो व दोन्ही मिळून हिरवा रंग दिसतो. अल्कोहोलात पिवळे द्रव्य विरघळते आणि निळा तेवढा उरतो. प्रजातिनामही (शास्त्रीय नावातील पहिला शब्द) स्थिर नाही : हायला, पेलोड्रायस, लिटोरिया आणि अलीकडे रॅनॉइडिया अशी नावे सुचविली गेली. पाळणाऱ्यांत ‘लिटोरिया’ रूढ आहे. लिंग ओळखण्यास पाठीच्या रंगाचा उपयोग नाही. तो तापमान, ओलावा आणि पार्श्वभूमीनुसार तपकिरीपर्यंत बदलतो.

सर्वांत विश्वसनीय खूण म्हणजे मैथुनगादी. नराच्या पुढच्या पायाच्या पहिल्या बोटाच्या आतल्या बाजूला, बुडाशी, खरखरीत तपकिरी पट्टा येतो. समागमाच्या वेळच्या आलिंगनात मादीची निसरडी त्वचा घट्ट धरण्यास तो उपयोगी पडतो. त्याची वाढ वृषणातील संप्रेरकावर अवलंबून असल्याने विणीच्या हंगामात तो गडद दिसतो व एरवी फिका पडतो. गादी दिसली तर तो नर. पण दिसली नाही म्हणजे मादीच, असे म्हणता येत नाही. हा फरक लक्षात न घेतल्यानेच बहुतेक चुका होतात.

दुसरी खूण गळ्याची. बेडूक काचेला चिकटून बसला की बाहेरून गळा नीट दिसतो, त्याला हातात घ्यावे लागत नाही. प्रौढ नराच्या गळ्याची त्वचा करडी, सैल आणि चुण्या पडलेली, हवा गेलेल्या फुग्यासारखी असते. स्वरकोश (साद घालताना फुगणारी गळ्याखालची पिशवी) फुगून-फुगून ती ताणलेली असते. मादीचा गळा पांढरट व ताठ असतो. साद घालणारा नरच : पाण्याचा फवारा मारल्यावर किंवा नळाची धार वाजू लागल्यावर तो भरड, एकसुरी ‘क्रॉक क्रॉक’ सुरू करतो. जंगली नर छपराचे पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांत बसून साद घालतात. तेथे आवाज घुमतो. पकडल्यावर मात्र दोघेही किंचाळतात, तो पुरावा धरू नये.

आकाराचा आधार सर्वाधिक घेतला जातो, तरी तो सर्वांत कमकुवत आहे. मादी साधारण १० सेंमी. किंवा थोडी अधिक, तर नर ७–८ सेंमी.पर्यंत वाढतो, असे सामान्यतः मानतात. पण अतिखाद्यामुळे लठ्ठ झालेला नर मादीइतका भरदार दिसतो आणि वाढ खुंटलेली मादी नरासारखी. डोळ्यांवरची मेदाची घडी लठ्ठपणा दाखविते, लिंग नव्हे. अमेरिकी बुलफ्रॉगमध्ये नराचे कर्णपटल (डोळ्यामागे दिसणारा कानाचा गोल पडदा) डोळ्याहून मोठे असते. ती कसोटी इथे लावणे चूक आहे. पिल्लांत, म्हणजे साधारण पहिल्या-दुसऱ्या वर्षापर्यंत, बाहेरून निश्चित उत्तर मिळत नाही. मादी निर्विवाद ठरते ती अंडी घातल्यावरच.

बेडूक उचलावाच लागला तर हात साबणाचा अंश न ठेवता धुऊन ओले ठेवावेत. त्याची त्वचा पदार्थ शोषून घेते.

लाल डोळ्यांच्या मध्य अमेरिकी वृक्षबेडकात मादी सुमारे ७ सेंमी., नर सुमारे ५ सेंमी. असतो. सह्याद्रीतील मलबार उडता बेडूक वेगळ्या कुलातील. त्यातही नर लहान असतो. पावसाळ्यात आंबोलीसारख्या ठिकाणी पाण्यावर झुकलेल्या फांदीवर फेसाचे घरटे करणारी जोडी दिसली, तर पाठीवर बसलेला लहान तो नर.